माझ्यासारखी दिसणारी बाई

नंदुरबारात आमच्या घरापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर ते मोठं दुकान निघालं, तेव्हा मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. मुलींच्या शाळेत आयुष्यभर उभ्यानं शिकवून माझे गुडघे गेले होते. बाजारात दहा ठिकाणी हिंडण्यापेक्षा हे बरं पडायचं. डाळ, साबण, पायपुसणी, सगळं एकाच ठिकाणी, आत गारवा आणि सामान ठेवून ढकलायला गाडी. आमच्या यजमानांना ते दुकान पहिल्यापासून आवडलं नाही. त्यांची शेती कोरीटला आहे, रोज सकाळी ते मोटारसायकलवर तिकडे जातात. शेतकऱ्याला पारखल्याशिवाय काही विकत घेणं म्हणजे पाप वाटतं, आणि तिथं सगळं पिशवीत बंद. पण घरचा बाजारहाट माझ्याकडे, त्यामुळे मी जात राहिले.

एके दिवशी दाराशी उभी असणारी पोरगी माझ्याजवळ आली. अंगावर निळा शर्ट आणि छातीवर दुकानाचा बिल्ला. ती माझीच विद्यार्थिनी होती. नववीत मागच्या बाकावर बसायची, अक्षर चांगलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला येता का? पिशवी बघायची आहे." मी पिशवी दाखवली. सगळ्यांचीच बघत असतील असं समजले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं, आणि त्यापुढच्या खेपेलाही. तेव्हा मी तिला विचारलंच, "अगं, माझ्या मागून तिघीजणी गेल्या. त्यांना नाही थांबवलंस."

तिनं आधी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग ओठ न हलवता बोलावं तशी बोलली. "मॅडम, तुम्ही दारातून आत आलात की आमच्या मोबाइलवर तुमचा फोटो येतो. लाल चौकटीत."

"माझा फोटो? तो कशासाठी?"

"येणाऱ्या सगळ्यांचे चेहरे कॅमेरा घेतो. आधी चोरी करताना सापडलेल्यांचे चेहरे त्यात घालून ठेवलेत. त्यातल्या एकीशी तुमचा चेहरा जुळतो, असं मशीन म्हणतं. मला माहितीये तुम्ही तशा नाही. पण मी तपासलं नाही तर ते वर साहेबांना दिसतं."

मी तिच्यापुढे पिशवी उघडी धरली. तिची नोकरी होती. घरी येताना मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला आपलं तोंड दिसतंय असं मला वाटत होतं. इतकी वर्षं वर्गातल्या पन्नास पोरींनी रोज बघितलेलं तोंड, पण त्याचं असं ओझं कधी झालं नव्हतं.

खरं म्हणजे तेव्हाच जाणं सोडायला हवं होतं. पण आपलं काही चुकलेलं नसताना आपण का जाणं सोडायचं, असा एक हट्ट मनात होता. त्या हट्टापायीच पुढचं सगळं झालं. पोरगी रजेवर होती त्या दिवशी दाराशी एक नवा माणूस होता. पैसे देण्याच्या रांगेतून त्यानं मला बाहेर काढलं. पिशवी तिथेच टेबलावर उलटी केली, पर्स उघडायला लावली. रांगेत कोरीटच्या एका ओळखीच्या घरची सून होती, तिनं मान फिरवली. मग मला आतल्या खोलीत बसवलं. मॅनेजर तरुण होता, नम्रही होता. "काकू, रागावू नका," तो म्हणाला. "सिस्टिम उगाच कोणाचं नाव काढत नाही." मी म्हटलं, "तुमच्या सिस्टिमला मी शिकवलेलं नाही म्हणून तिला कळत नसेल." पण माझा आवाज कापत होता, त्यामुळे त्या वाक्यात काही दम उरला नाही.

यजमानांना फोन केला. ते शेतातून तसेच आले, चपलांना चिखल लागलेला. माझ्या पिशवीत काहीच सापडलं नव्हतं, तरी मॅनेजर त्यांना समजावू लागला. त्यांनी ऐकून घेतलं नाही. टेबलावरचं माझं सामान एकेक करून पिशवीत भरलं आणि मला म्हणाले, "चाल घर. आठे परत येवानं नई."

मी मॅनेजरला लेखी विचारलं की माझा चेहरा तुम्ही कोणाला विचारून घेतला आणि तो कुठे ठेवला आहे. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही. मग मी वकिलाकडे गेले. वकील म्हणजे माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एका शिक्षिकेचा मुलगा. त्यानं सगळं ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, अशी केस आपल्याकडे तरी अजून कोणी केलेली नाही. माहिती जपण्याचा नवा कायदा झालाय, पण तो अजून पुरता अमलात यायचाय. आपण ग्राहक म्हणून जाऊ. तुम्ही दुकानात वस्तू घ्यायला गेलात, चेहरा द्यायला नाही. न विचारता चेहरा घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा. आणि त्यावरून झडती घेणं ही सेवेतली त्रुटी." त्याच्या तोंडून ते इतकं सरळ वाटलं की मला बरं वाटलं.

यजमानांना वाटलं नाही. "तू चोर नई शे, हाई तुले माहीत शे, मले माहीत शे," ते जेवताना म्हणाले. "मंग कोरटमा कशाले जास?"

"म्हणूनच जाते," मी म्हटलं. त्यांनी भाकरी मोडली आणि तो विषय तिथेच संपला. ते माझ्याशी भांडले नाहीत. तारखेच्या दिवशी मला मोटारसायकलवरून सोडायला येत आणि बाहेर झाडाखाली थांबत.

ग्राहक आयोगाच्या बाकावर बसायची सवय होते. कोणाचं बियाणं उगवलेलं नसायचं, कोणाचा विमा नाकारलेला असायचा, कोणाचा फ्रिज पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडलेला. मला विचारायचे, "तुमचं काय?" मी म्हणायचे, "चेहरा." मग समजावून सांगावं लागे. सांगितल्यावर एकदा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पण बाई, फोटो तर सगळेच काढतात."  दुकानाचे वकील बाहेरगावाहून यायचे. माणूस सभ्य होता, मला नमस्कार करायचा आणि मुदत मागायचा. मुदत मिळायची. उन्हाळा गेला, पावसाळा गेला.

या सगळ्यात एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. तक्रार केली नसती, तर त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या चारसहा जणांनाच ते माहीत राहिलं असतं. तक्रार केल्यामुळे ते सगळ्या भाऊबंदांत गेलं. कोरीटच्या एका लग्नात हळदीच्या वेळी एक चुलत जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "काय वं बाई, तुमले दुकानमा धरं म्हणे?" मी म्हटलं, "धरलं नाही, मीच त्यांना धरलंय." बायका हसल्या. पण घरी आल्यावर मला कुणाशी बोलावंसं वाटेना. माझ्या त्या विद्यार्थिनीला आम्ही साक्षीला बोलावणार होतो. ती एका संध्याकाळी घरी आली, पाणीसुद्धा घेतलं नाही, उंबऱ्याशीच म्हणाली, "मॅडम, माझं नाव घेऊ नका. दुसरीकडे मला कोण ठेवेल?" मी वकिलाला नको म्हणून सांगितलं. तो नाराज झाला.

शेवटी दुकानाचं लेखी म्हणणं आलं. त्याच्याबरोबर एक फोटो होता. ज्या बाईच्या चेहऱ्याशी माझा चेहरा जुळत होता, ती ही. खाली तिचं नाव आणि गाव छापलेलं. अक्कलकुव्याच्या पलीकडे डोंगरातलं एक गाव. त्यांचं म्हणणं असं की साम्य खरोखर आहे, यंत्रानं ते दाखवलं, कर्मचाऱ्यांनी तपासलं, यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता.

वकील खूश झाला. फोटो माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "बघा मॅडम. कुठे तुम्ही, कुठे ही! हाच आपला मुद्दा."

मी बघितलं. माझ्या मुलीच्या वयाची पोर होती. कपाळावर केस आलेले, कडेवर लेकरू, पाठीमागे त्याच आतल्या खोलीची भिंत. कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, तिला बघायला लावलं होतं. आणि ती माझ्यासारखी दिसत होती. सगळी नाही. पण भुवया आणि गालाची हाडं तीच, आणि खालचा ओठ दाबून धरायची तीच तऱ्हा. लग्नानंतरच्या माझ्या फोटोत मी तशीच उभी आहे. मी हे वकिलाला सांगितलं नाही. त्यानं युक्तिवादात म्हटलं की माझी अशील एक प्रतिष्ठित, सेवानिवृत्त शिक्षिका आहे आणि तिला एका सराईत चोरट्या बाईच्या पंक्तीला बसवलं गेलं. सराईत हे त्यानं कुठून आणलं, मला कळलं नाही. दुकानाच्याच कागदात ती एकदाच सापडलेली होती. पण मी बाकावर गप्प बसले, कारण तो माझ्याच बाजूनं बोलत होता.

त्यानंतर, पुढच्या वर्षीच्या श्रावणात मी एकटीच एस.टी.नं अक्कलकुव्याला गेले आणि तिथून जीपनं त्या गावाला. का गेले ते नीट सांगता येत नाही. थोडा रागही होता. हिच्यामुळे माझं हे सगळं झालं, तर ही आहे तरी कोण? आणि दुसरं असं, की तिचं नाव-गाव मला मिळालं ते दुकानानं तिला न विचारता माझ्या हातात दिलं म्हणून. ज्या गोष्टीविरुद्ध मी भांडत होते तीच वापरून मी तिचं घर शोधत होते. हे मला जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं, आणि तरी मी उतरले नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. पाड्यावर निंदणी चालू होती. तिला कुणीतरी शेतातून हाक मारली. ती आली, हात धुतले, खाट टाकली आणि पाणी दिलं. शहरातून बाई आली म्हणजे अंगणवाडीची किंवा दवाखान्याची असणार, असं तिला वाटलं. ती घरात भिलोरी बोलते. माझ्याशी तिची भाषा आणि बाजारातली भाषा मिसळून बोलली. मला समजलं तसं इथं लिहिते.

मी दुकानाचं नाव काढताच ती उठून उभी राहिली.

"बस गं," मी म्हटलं. "मी त्यांची माणूस नाही. मलाही त्यांनी धरलं होतं."

"तुला?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू काय घेतलंस?"

"काहीच नाही. तुझ्यासारखी दिसते म्हणून धरलं."

ती हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. मग पुन्हा खाटेच्या कडेला टेकली. येताना मी मनात ठरवूनच टाकलं होतं की हिच्यावरही खोटाच आळ आला असणार. लेकरानं काहीतरी उचललं असेल, पिशवीत चुकून गेलं असेल. तसं मी विचारलंही. ती म्हणाली, "नाही. मीच घेतली होती. तेलाची बाटली. डोक्याचं तेल." हिवाळ्यात ती घरच्यांबरोबर नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला येते. ओली लाल मिरची मोकळ्या जागेवर पसरायची, वाळवायची, देठं खुडायची. "हाताची आग होते. डोक्यातसुद्धा मिरची जाते. त्या दिवशी बाटली दिसली, घेतली. सापडले. मुकादमानं येऊन पैसे भरले, माझ्या मजुरीतून कापले. फोटो काढला. झालं."

झालं नव्हतं. होळीनंतर ती सुरतेकडे बांधकामावर गेली होती. तिथं त्याच दुकानाची एक शाखा होती. लेकरांना बिस्किटं घ्यायला आत गेली, तर दारातच अडवलं. तुझं नाव हे ना, तू नंदुरबारात चोरी केलीस ना, म्हणून विचारलं. लेकरं रडायला लागली.

"तिथं मला कोण ओळखतं?" ती म्हणाली. "एवढ्या लांब. नंदुरबारच्या दुकानात माझ्याबरोबर फक्त माझी नणंद होती. तीच सुरतेलाही होती. तिनंच सांगितलं असणार. मी तिला तिथंच मारलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ती आता या पाड्यावर येतसुद्धा नाही."

 मग मी तिला समजावलं. दारावर कॅमेरा असतो. तो चेहरा ओळखतो. एका दुकानात घातलेला फोटो त्यांच्या सगळ्या दुकानांत जातो. तिथल्या माणसाला कोणी सांगायला लागत नाही. मी माझा मोबाइल काढून त्यातले फोटो यंत्र कसं आपोआप चेहऱ्यागणिक वेगळे लावतं तेही दाखवलं. ती लक्ष देऊन बघत होती.

"मग तिनं नाही सांगितलं?"

"नाही."

"कोणीच नाही सांगितलं?"

"कोणीच नाही."

 अंगणात कोंबड्या फिरत होत्या, ती त्यांच्याकडे बघत बसली. मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "तिचा दात पडला होता."

मी तिला म्हटलं, तुझ्या वतीनंही तक्रार करू. वकील मी बघते. तिनं मान हलवली. "मी तर घेतली होती ना. मग काय सांगू तिथं? आणि तारखेला दिवसाची मजुरी कोण बुडवणार?" मी निघताना तिनं आणखी एक विचारलं. अंगणवाडीत आता पोषणाची पाकिटं देताना मोबाइलवर चेहरा दाखवावा लागतो. ती भीतीनं गेली नव्हती, धाकट्याची पाकिटं राहिली होती. "ते वेगळं आहे, तू जा," मी म्हणाले. वेगळंच असावं. पण कुठला चेहरा कुठून कुठे जातो, हे मला तरी कुठे माहीत होतं? शिक्षिकेच्या आवाजात मी ते ठामपणे सांगितलं आणि जीपमध्ये बसले.

परत येऊन वकिलाला म्हटलं, तिचाही फोटो काढून टाका अशी मागणी घालू. तो म्हणाला, "मॅडम, ती पक्षकार नाही. शिवाय तिनं कबूल केलंय. तिला मध्ये आणलं तर आपली केस पातळ होईल." मी आग्रह धरला. त्यानं एका ओळीचा अर्ज दिला.

निकाल माझ्या बाजूनं लागला. माझा चेहरा काढून टाकावा, लेखी माफी द्यावी, नुकसानभरपाई द्यावी, आणि आत येणाऱ्याला वाचता येईल अशी पाटी दारावर लावावी की इथं चेहरे टिपले जातात. ज्याला ते नको असेल त्याची वेगळी सोय करावी. दुसऱ्या बाईबद्दल, ती या तक्रारीत पक्षकार नसल्यानं काही म्हणता येत नाही. वकिलानं पेढे आणले. यजमानांनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आते तरी झोप लागी तुले." मला त्या रात्री झोप आली नाही, आणि आनंदही फारसा झाला नाही. इतक्या दिवसांत जे थकायचं ते थकून झालं होतं. नंतर मुदत संपायच्या आत दुकानानं वरच्या आयोगात अपील केलं, निकालाला स्थगिती मिळाली, पाटी लागलीच नाही.

मग त्यांच्या त्या सभ्य वकिलांचा निरोप आला. तडजोड करू. तुमचा फोटो काढतो, माफीचं पत्र देतो. तुम्ही खालच्या निकालाचा आग्रह सोडा, पाटीचा आणि भरपाईचाही, आणि पुढे कुठे बोलू नका.

मी विचार केला. म्हणजे, दुपारभर पलंगावर पडून छताकडे बघितलं. मग वकिलाला फोन करून सांगितलं, त्या पोरीचाही फोटो सगळ्या शाखांमधून काढतील, तसं लिहून देतील, तर मी सही करते. आणि गप्प राहण्याचं कलम मला नको.

"मॅडम, असं करू नका," तो अगदी कळवळून म्हणाला. "हा निकाल टिकला तर उद्या दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस त्याचा दाखला देईल. शेकडो लोकांना उपयोग होईल. तुम्ही एका बाईसाठी तो सोडताय. आणि तीही चोरी कबूल केलेली."

तो चूक बोलत नव्हता. आजही मला वाटतं की तो चूक बोलत नव्हता. मी म्हटलं, "बाळा, ते शेकडो लोक मला दिसत नाहीत. ही दिसली."  तो म्हणाला, "बघतो." त्यांनी मान्य केलं. त्यांना पाटी टाळायची होती, एका मजुराच्या फोटोचं त्यांना काय! एका दुपारी वकिलाच्या ऑफिसात मी सही केली. दुकानाच्या कागदावर लिहून आलं की दोन्ही चेहरे कायमचे काढले आहेत. खरंच काढले का, हे बघायला मला कोणी आत नेणार नव्हतं.

मिरचीचा हंगाम सुरू झाल्यावर मी पथारीवर गेले. लांबूनच शिंका सुरू झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं. दूरपर्यंत लाल पसरलेलं आणि त्यात बायका उकिडव्या बसलेल्या. मला पाहून ती उठून आली. तिच्या मागोमाग दुसरी एक बाई आली आणि थोडी लांब उभी राहिली. हसली तेव्हा तिच्या पुढच्या दातांत फट दिसली. कोणी कोणाकडे गेलं, काय बोलणं झालं, हे मी विचारलं नाही.

मी तिला फोटोचं सांगितलं. "आता तुला कुणी अडवणार नाही. इथंही नाही, सुरतेलाही नाही."

तिनं ऐकलं आणि नणंदेला तिच्या भाषेत सांगितलं. दोघी काहीतरी बोलल्या. मग ती म्हणाली, "आणि अडवलं तर?"

"तर मला फोन कर," मी म्हटलं. माझा नंबर मी तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. तिनं तो नणंदेच्या मोबाइलमध्येही घालायला लावला. मुकादमानं तिकडून हाक मारली, तशा दोघी परत गेल्या.

यजमान रस्त्यावर मोटारसायकल लावून तोंडाला रुमाल बांधून थांबले होते. मला शिंकांवर शिंका येत होत्या. "व्हयनं का तुन्हं काम?" त्यांनी विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं आणि मागे बसले. घरी गेल्यावर तोंड धुतलं, पंखा लावला आणि भर दुपारी झोपून गेले.